मंगरूनं रोहू तपासली

आसगावच्या तलावावर चाळीस वर्षं जाळं टाकणाऱ्या मंगरूचा शहरावर काडीचा विश्वास नव्हता. पोरीनं हट्टानं दोघा नवराबायकोला हैदराबाद पाहायला पाठवलं, तर हा गडी चारमिनारपाशीही एक हात खिशावर दाबूनच मान वर करत होता. ऑटोवाला लुच्चा, फोटोवाला लुच्चा, अन् गोड बोलणारा तर पक्का लुच्चा!

दुपारी हॉटेलात त्याच्या बायकोनं, शकुननं, रोहूचा रस्सा मागितला. मंगरू वेटरवर गुरकावला, "पयले कच्ची मच्छी दिखाव!"

वेटरनं हसत अख्खी रोहू आणून दाखवली. मंगरूनं कल्ला उचलून पाहिला, लालभडक. पोट दाबलं, टणक. डोळेही चकचकीत. खोट सापडेना, तसा तो आणखीच बिथरला. वाफाळता रस्सा समोर आला, तरी घास तोंडाकडे जाईना.

"खात काहून नाही जी?" शकुननं विचारलं.

"एवढी ताजी मासोळी आपल्याले कायले देऊन राहिला हा? काहीतरी भानगड हाये."

गावी रोज पहाटे टणक मासोळी बाजारासाठी वेचून काढणारी शकुनच होती. पोट मऊ पडलेली, चेपलेली तेवढी घरच्या गंजात शिजायला जायची.

"भानगड काही नाही," ती म्हणाली. "आज आपण गिऱ्हाईक आहो."

मंगरूनं घास घेतला. सावकाश चावला. मग तिच्याकडे संशयानं पाहत म्हणाला, "चाळीस वर्षं आपण लोकायले एवढं चांगलं खाऊ घातलं?"