नाना आणि न पेटलेलं रॉकेट

हॉस्पिटलमधून नाना गेल्याचा फोन आला, तेव्हा खरं सांगायचं तर मला आधी काळजी वाटली ती इराची. नाना माझे सासरे. इरा माझी मुलगी, इथेच जर्मनीत, ब्राउनश्वाइगला युनिव्हर्सिटीत शिकते आणि मित्रमैत्रिणींबरोबर रॉकेटं बनवते. तिला अडवणारा घरात एकच माणूस होता... तोच गेला.

नाना आपल्याकडच्या अगदी पहिल्या रॉकेटवाल्यांपैकी. समुद्रकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हातानं इंधन भरलेलं. लोकांना वाटे, हा माणूस छाती काढून चालत असणार. छे! त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. कुकरची शिट्टी अडली की मलाच स्वयंपाकघराबाहेर काढायचे. "सूनबाई, पेटलेल्याला कमी भ्यावं, न पेटलेल्याला जास्त." त्यांचा एक जिवलग सहकारी, न उडालेल्या रॉकेटपाशी 'काय झालंय बघून येतो' म्हणून गेला होता... पुढचं ते कधी बोलले नाहीत. तेव्हापासून रॉकेट पेटवायच्या पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि तासभर कुणाला तिकडे फिरकू द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

मागच्या वर्षी ते इराच्या चाचणीला काठी टेकत आले. इंजिन पेटलं नाही. मुलं कंटाळली, इरा तर इंजिनाकडे निघालीसुद्धा. नाना तिला आडवे आले. "आजोबा, बिट्टे..." 'प्लीज' म्हणत ती नेहमीसारखी जर्मनमध्येच वैतागली. "मला भीती वाटते, बाळ," एवढंच ते म्हणाले. आणि तेवढ्यात इंजिन आपसूक भडकलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. इरा मात्र घरी येताना गाडीत हसत होती. मला त्या आवाजापेक्षा तिच्या हसण्याचं भय वाटलं.

गेल्या आठवड्यात नानांशिवाय पहिली चाचणी झाली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. पुन्हा इंजिन पेटलं नाही... मुलांतला एक जण इंजिनाकडे सरकला, तसा इरानं त्याचा दंड धरला. "वार्टेन," ती म्हणाली, आणि सगळे थांबले. वाऱ्यात कितीतरी वेळ नुसते उभे. न राहवून मी तिचा हात हातात घेतला. गार पडला होता, घामानं ओला.

"आई, मला खूप भीती वाटतेय," ती चक्क मराठीत म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला.