माळशिरसला कधीच न गेलेला व्यवस्थापक

त्या प्रकरणातला एक चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तो गुन्हेगाराचा नव्हता.

निवृत्तीपूर्वी माझी नेमणूक सोलापूरच्या सायबर पोलीस ठाण्यात होती. माळशिरसचा एक लॉजमालक तक्रार अर्ज घेऊन आला. त्याला चादरी हव्या होत्या. मोबाईलवर शोधल्यावर एका कारखान्याची ‘माळशिरस शाखा’ सगळ्यात वर आली. पत्ता होता, व्यवस्थापकाचे नाव आणि फोटो होता. लॉजमालक टेम्पो घेऊन पत्त्यावर गेला, तर तिथे उसाचा फड.

बनावट वेबसाइटचे अर्ज तेव्हा सतत येत. आम्ही त्याच दिशेने चौकशी सुरू केली. फोटोतला माणूस खबऱ्याने ओळखला. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर कारखान्यात यंत्रमागावरचा कामगार होता. पाळी सुटताना, सगळ्यांदेखत, गेटवरून त्याला ठाण्यात आणले.

“माळशिरसची शाखा तूच बघतोस ना?”

“म्या? साहेब, माळशिरस कुटल्या बाजूला हाय ते बी मला ठाव न्हाय.”

खोटे बोलणारा न विचारता कारणे देतो. हा एकही कारण देत नव्हता, फक्त दाराकडे बघत होता. कुणाची वाट बघतोस, असे विचारले.

“कुणाची न्हाय. लेकीला बघायला रविवारी पाव्हणं येणार हायेत. पोलिसांनी नेलं म्हणल्यावर येत्याल का?”

मी वेबसाइट पुन्हा उघडली. ‘वळसंग शाखे’च्या पानावरही हाच व्यवस्थापक, नाव मात्र दुसरे. पुढच्या गावांतही तोच. मजकूर शब्दशः एक, फक्त गाव बदललेले, आणि ओळीओळीत ‘चादर’ हा शब्द कोंबलेला. प्रत्येक फोटोत त्याच्या पाठीमागच्या यंत्रमागाला झेंडूचा हार होता. हा फोटो कुणी काढला, असे त्याला विचारले.

“मालकांनी की. दसऱ्याला मागाची पूजा केली, तवा.”

वेबसाइट त्याच्याच कारखान्याची होती. मालकाला बोलावले, तक्रारदार लॉजमालकालाही. कारखान्याचा मालक वेबसाइट करणाऱ्या तरुणाला सोबत घेऊनच आला.

“साहेब, हा म्हणाला, गावागणिक पान टाकलं की सर्चमध्ये वर येतंय.”

“सर, एसईओसाठी करतात असं,” तो तरुण म्हणाला. “पत्ता बघायला कोण जातंय?”

बाकावरचा लॉजमालक उसळला. “मी गेलो की! टेम्पो घेऊन!”

कुणाचे पैसे बुडाले नव्हते. जबाब नोंदवले, खोटी पाने काढण्याची लेखी हमी घेतली आणि तक्रारदाराच्या संमतीने अर्ज निकाली काढला. मालकाला मात्र मी एक काम सांगितले. माणूस ज्या गेटवरून आणला, त्याच गेटवर, त्याच पाळीला, खरे काय ते सगळ्यांना सांगायचे. त्याने सांगितले. मीही एक हवालदार सोबत पाठवला होता.

काही दिवसांनी मालक परत आला. आता खऱ्या पत्त्याने शोधले तरी त्याचा कारखाना दिसत नव्हता; त्या खोट्या पानांमुळे सर्चने अख्खी वेबसाइट मागे ढकलली होती. याची तक्रार करता येईल का, असे तो विचारत होता. मी विचारले, “कुणाविरुद्ध?” पुढे त्याने एकच पान ठेवले. कारखान्याचा पत्ता, चादरीचे माप, सूत आणि धुण्याची पद्धत. ते हळूहळू वर आले, असे ऐकले.

तपासात आम्ही संशयिताला पहिला प्रश्न विचारतो, “त्या वेळी कुठे होतास?” खऱ्या माणसाचे उत्तर एकाच ठिकाणाचे असते. दुकानालाही हाच प्रश्न लागू होतो, हे मी या प्रकरणात शिकलो.

तो कामगार एकदा ठाण्यात आला, या वेळी स्वतःहून. हातात लेकीच्या लग्नाची पत्रिका होती. मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाला, “पत्ता खरा हाय, साहेब. टेम्पो घिऊन आला तरी चालंल.”