कॉन्सेप्टाच्या शेताखालची माती

मालाडच्या खाडीकाठी, मढच्या वाटेवरच्या एका गावठाणात अल्फान्सो राहत असे. गावात तो आल्फू, आणि अंधेरीच्या ज्या कंपनीत तो नोकरीला होता तिथे तो मुकादम. कंपनीचं काम असं, की कुठे इमारत उभी राहायची असली की आधी जमिनीत भोक पाडून खालची माती किती भार सोसेल ते मोजायचं. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत तेव्हा जिकडे तिकडे वसाहती आणि कारखाने उठत होते. खडकाची जागा आधीच संपलेली, म्हणून लोक खाडीकडे सरकत होते. आणि खाडीचा चिखल म्हणजे आल्फूचं लहानपणापासूनचं अंगण. तीन इयत्ता शिकलेला हा माणूस दहा वर्षांत सहा जणांच्या टोळीचा मुकादम झाला तो या चिखलाच्या ओळखीवरच.

एकोणीसशे त्रेपन्न साली कंपनीने एक नवं यंत्र आणलं. लांब लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला काटकोनात जोडलेली चार पाती, आणि वर फिरवायची मूठ व आकड्यांची तबकडी. पाती चिखलात हव्या त्या खोलीवर रुतवायची आणि मूठ हळूहळू फिरवायची. चिखल अडवून धरतो, धरतो आणि मग एका क्षणी सुटतो. सुटताना तबकडीवर जो आकडा असेल, त्यावरून त्याची ताकद काढायची. मजुरांनी त्याचं नाव पंखा ठेवलं. मिनिटाला सहा अंश, त्याहून घाई केली की आकडा खोटा. आणि एवढ्या संथ हाताने पंखा फिरवणारा टोळीत आल्फूच.

त्याच साली घाटकोपरकडे एका कारखान्याच्या गोदामासाठी त्याने पंखा फिरवला होता. एका भोकात दांड्याला कचकच लागली. चिखलात कालवांचे जुने शिंपले असले की पाती त्यांत अडकतात आणि मऊ माती उगाच कणखर भासते, हे त्याच्या हाताला कळलं. पण साहेबाने आकडा लिहून घेतला आणि मुकादमाला कोण विचारतो, म्हणून तो गप्प बसला. दीड वर्षाने गोदाम एका अंगाला कललं, भिंत पडली आणि आतला पहारेकरी कमरेतून कायमचा अधू झाला. आल्फू त्याला दोनदा भेटून आला. पण त्या कचकचीची गोष्ट बायको कार्मेनशिवाय त्याने कुणाला सांगितली नाही.

सत्तावन्न साली गावात शाळेची नवी इमारत बांधायचं ठरलं. जुनी शाळा म्हणजे देवळामागची (चर्चला गावात देऊळच म्हणत) एक पडवी, तीत चार वर्ग एकमेकांवर ओरडत बसलेले. जागेचा प्रश्न आल्फूच्या थोरल्या बहिणीने, कॉन्सेप्टाने सोडवला. तिचा नवरा इनास आदल्या वर्षी गेला होता. त्याचं खाडीला लागून, बांधाने खारं पाणी अडवलेलं, भाताचं एक खाजण शेत होतं, ते तिने शाळेला देऊन टाकलं. इनासला अक्षर ओळखता येत नसे आणि त्याची त्याला जन्मभर लाज वाटली. त्याच्या शेतात पोरं शिकतील, दारावर त्याचं नाव लागेल, एवढंच तिचं मागणं. रविवारची मिसा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर देवळाच्या फादरनी हे जाहीर केलं तेव्हा कॉन्सेप्टा डोक्यावरचा पदर सावरत खाली बघत उभी होती, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर उजेड दिसला, असं कार्मेन घरी आल्यावर म्हणाली.

इमारत दुमजली, दगडी. फादरनी आल्फूला बोलावून घेतलं. "तुझी कंपनी दुनियेची जमीन तपासते. आपली नको का तपासायला?"

कंपनीतल्या श्यामकांत नावाच्या तरुण इंजिनीयरला आल्फूने विचारलं. तो भला माणूस. रविवारी फुकट यायला कबूल झाला. मे महिन्यातल्या एका रविवारी मिसेनंतर टोळीने शेतात भोक पाडायची तिपाई उभी केली. वरची चार फूट जमीन उन्हाने वाळून दगडासारखी झालेली. गावकरी पाय आपटून दाखवत होते. कॉन्सेप्टा ताडाच्या सावलीत चहाची किटली घेऊन उभी होती.

पहिल्या भोकात चार फुटांखाली पाती आपल्याच वजनाने उतरू लागली. आकडा अडीचशेचा आला. श्यामकांत वहीत बघत म्हणाला, "दुमजलीला चौरस फुटाला सातशे पौंड तरी ताकद हवी, मुकादम. हे फारच कमी. तिकडच्या अंगाला बघू, काय निघतंय."

तिकडच्या अंगाला, खाडीपासून लांब, दुसरं भोक पाडलं. आल्फूने मूठ फिरवायला घेतली आणि दांड्यातून ती कचकच त्याच्या तळव्यात आली. चिखल सुटला तेव्हा आकडा होता साडेसातशे.

"झकास," श्यामकांत म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं. "इमारत या बाजूला सरकवली की झालं. अजून एक भोक घेऊ आणि आटपू."

ही बातमी ताडापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कॉन्सेप्टाने कपाळाला-छातीला बोटं लावून क्रूस केला आणि कपांत चहा ओतायला घेतला.

टोळीने दांडा वर ओढला. आल्फूने पाती पुसली. राखाडी चिखलात शिंपल्यांचे चार-पाच तुकडे होते, नखाएवढे. ते त्याच्या मुठीत मावले. श्यामकांत वहीत मान घालून बसला होता, बाकी सगळे चहाकडे निघाले होते. मूठ उघडून तुकडे बांधापलीकडे टाकले असते तर कुणाला काही कळलं नसतं. समोर बहीण होती. तिला असं हसताना त्याने किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग तो श्यामकांतजवळ गेला आणि मूठ उघडली. "साहेब, हा आकडा मातीचा नाय. शिंपल्यांचा हाय. दोन हात बाजूला घेऊन परत बघू या."

श्यामकांतने तुकड्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुला नक्की वाटतं?"

"हाताला लागलं मघाशीच."

बाजूला नवीन भोक घेतलं. तीच खोली, तोच संथ हात. आकडा दोनशे साठ. आणखी एक घेतलं, त्याहून कमी. श्यामकांतने आधीच्या आकड्यावर रेघ मारली आणि फादरना सांगितलं, की या शेतात तीस फूट मऊ चिखल आहे. दगडी इमारत त्यावर ठेवली तर ती खचेल, आणि सगळी सारखी खचणार नाही. खडकापर्यंत खांब उतरवायचे तर ते गावाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

सगळं ऐकून कॉन्सेप्टा भावासमोर आली. तिचा आवाज चढला नव्हता. "आल्फू, साहेबाने बरी म्हटली होती जमीन. तूच लावलंस त्याला परत बघायला?"

"हाव बाय. मीच."

"इनासच्या जमिनीत खोट काढायला तूच मिळालास?"

त्याने गोदामाचं सांगायला तोंड उघडलं, पण ती किटली उचलून चालू लागली होती.

शाळा शेवटी देवळामागच्या टेकाडावर झाली. खडक होता, पण जागा अरुंद. दुमजलीऐवजी बसक्या पाच खोल्यांची रांग आली. एका खोलीला इनासचं नाव देऊ, असं फादर म्हणाले, तर कॉन्सेप्टाने नकार दिला. "जमीन घेतली नाय, मग नाव कशाला?" भावाशी तिने बोलणं टाकलं. सणाला त्याच्या घरी आली नाही. वाटेत दिसला की रस्ता ओलांडे. कार्मेन दोन घरांत ये-जा करत राहिली आणि एका दुपारी तिने नवऱ्याला न विचारता त्या पहारेकऱ्याची गोष्ट नणंदेला सांगून टाकली. कॉन्सेप्टाने ऐकून घेतलं.

शेत तर राहिलं होतं, आणि ते ओसाड ठेवायची तिची रीत नव्हती. पुढल्या वर्षीच्या लावणीला माणसं कमी पडली तेव्हा आल्फू रजा टाकून, न बोलावता, बांधावर जाऊन उभा राहिला. तिने त्याला पाहिलं आणि रोपांची एक जुडी त्याच्या दिशेने फेकली. दोघं गुडघाभर चिखलात शेजारशेजारच्या ओळी लावत गेली. दुपारपर्यंत अर्धं शेत लावून झालं.

मग वाकलेलीच असताना ती म्हणाली, "तो पहारेकरी. आता कसा हाय?"

"काठीने चालतो. थोडंथोडं."

"पोरं हायत?"

"दोन."

तिने आणखी चार रोपं लावली. "शाळा पडली असती, तर पोरं आपलीच होती," ती म्हणाली. "आणि दारावर नाव इनासचं असतं."

आल्फूने मान हलवली.

"मना अजून वाईट वाटतं तुझ्यावर," ती म्हणाली. "जायचं तेव्हा जाईल. तू वाकडी लावतोस, ओळ बघ तुझी."

त्याने मागे वळून पाहिलं. ओळ खरंच वाकडी गेली होती. तो मागे गेला आणि रोपं उपटून पुन्हा लावू लागला. जेवणाच्या वेळेला तिने तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी दोन पानांवर वाढली, आणि एक पान त्याच्यापुढे सरकवलं.