आमच्या फोनमधली बाई

घरात जुने चार्जर साठतात ना, तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि कशाला लागतील तेही ठाऊक नसतं! आमच्या चौकडीकडे असे बरेच आहेत. चौकडी म्हणजे मी वासंती, बोर्डीच्या एका शाळेत गाणं शिकवते. अच्छाडला ढाबा चालवणारे हरेशभाई. सायवनला बांबूच्या टोपल्या विणणारे लखमाकाका. आणि डहाणू स्टेशनजवळ मोबाईलचं दुकान असलेला दिनेश. आम्हा तिघांना दिसत नाही. दिनेशला दिसतं, पण त्याचा तेवढा दोष आम्ही पोटात घातलाय.

डोळसांचं फोन घेणं सोपं. रंग बघतात, कॅमेरा बघतात, झालं. आम्ही आधी दिनेशला दुकानातला टीव्ही बंद करायला लावतो आणि फोनला बोलतं करतो. बोट जिथे टेकेल तिथलं वाचून दाखवणारी एक बाई टच फोनमध्ये असते. हिंदी बोलते, बारीक आवाजात, श्वास न घेता. तिच्यासोबत दिवस काढायचे, म्हणून पारखून घ्यावी लागते. त्यातलेच हे काही किस्से.

*

अगदी सुरुवातीचा. दिनेशने माझ्यासाठी एका फोनमध्ये ही बाई चालू करून ठेवली. चालू झाली, पण बंद करता येईना! ती चालू असताना सगळं दोनदा टिचकी मारून उघडावं लागतं, हे त्याला कुठे माहीत? वैतागून त्याने फोन चार्जिंगला लावला, शटर ओढलं आणि घरी गेला.

सकाळी दुकान उघडायला आला तर बाजूचे फाफडावाले काका शटरला कान लावून उभे.

"दिनेशभाई, आत कोणी बाई राहिली काय रे तुझ्या दुकानात?"

"बाई कसली?"

"मघापासून बोलते. मी हाक मारली की गप्प होते!"

दिनेशने शटर उघडलं. फोन जागच्या जागी होता. नवीन मेसेज आला की बाई बोलते, एवढंच ते होतं, असं दिनेश आजही सांगतो. त्या फोनमध्ये सिम कार्डच घातलं नव्हतं, हे मात्र तो सांगत नाही. ते मी सांगते.

*

दिसतच नाही, तर स्क्रीन चालू ठेवून बॅटरी का जाळायची? म्हणून मी ती पूर्ण काळी करून ठेवते. तलासरीच्या जीपमध्ये शेजारी एक बाई बसली होती. मी काळ्या काचेवर बोट फिरवत होते, आणि फोन वाचत होता.

"ताई, तुमचा फोन बंद आहे ना?"

"बंदच असतो."

"मग बोलतंय कोण?"

मी म्हटलं, "मला तरी कुठे दिसते ती!"

खरं तर थट्टा केली होती. पण जीप थांबवून ती बाई रस्त्यातच उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "इथे तर वस्तीपण नाय. कुठे चालली ही?" आता यात जास्त घाबरवणारं कोण, ती की मी?

*

फोनपेक्षा कार्डाचं अवघड. आम्हाला रेंजच्या दांड्या दिसत नाहीत, आणि जाहिरातीवर आमचा विश्वास नाही. म्हणून आमचा नियम आहे. कार्ड घेण्याआधी दिनेश एका जुन्या फोनमध्ये ते घालून देतो, आणि आम्ही घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहून एकमेकांना फोन करतो. चुलीपाशी ऐकू येतं का, मोरीपाशी येतं का. माझ्या घरी एक कार्ड फक्त देव्हाऱ्यासमोर चालायचं. तेवढ्यावरून ते घ्यायला मी काही तयार झाले नाही!

हरेशभाईंचा ढाबा सीमेला लागून. खाटेवर बसलं की महाराष्ट्राचा टॉवर, गल्ल्यापाशी गेलं की गुजरातचा. दर वेळी कंपनीचा मेसेज यायचा आणि बाई तो खणखणीत वाचायची, "गुजरात में आपका स्वागत है!"

एका दुपारी फोन फळीवर ठेवलेला होता. कोणी हात लावलेला नाही. बाई म्हणाली, "गुजरात में आपका स्वागत है." थोड्या वेळाने, "महाराष्ट्र में आपका स्वागत है." मग परत गुजरात. परत महाराष्ट्र. रोट्या भाजणारा महाराज परात टाकून बाहेर आला.

"शेठ, कोणीतरी ये-जा करतंय."

हरेशभाई म्हणाले, "करू दे नी! जेवणार असेल तर विचार, नायतर रोट्या जळतायत!"

*

दिसत नसलं की एक चूक फार होते. फोन कट झाला तरी आपण बोलतच राहतो. मी एकदा हरेशभाईंशी खूप वेळ बोलले. शाळेत मला बाजूला सारायचं चाललं होतं, त्या दिवशी मन भरून आलं होतं. ते मधूनमधून फक्त "हं" म्हणत होते. मला वाटलं, किती शांतपणे ऐकून घेतात! बोलून मोकळी झाले.

नंतर दुकानात भेटल्यावर आभार मानले, तर म्हणाले, "वासंतीबेन, मी 'हलो' म्हटला नी तुमचा फोन कटला. मग मी कांदा कापायला बसलो."

दिनेश म्हणाला, "क्रॉस कनेक्शन असेल." त्याच्याकडे प्रत्येक भुताला एक टेक्निकल नाव आहे.

कोण होतं माहीत नाही. पण जे कोणी होतं, त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं, हेही खरं.

*

आता लखमाकाका. त्यांची बायको वारली, त्याच वर्षी त्यांच्या मुलीने, सुनीताने, उंबरगावच्या एका मुलाशी न विचारता लग्न केलं. आधीच दुःखात असलेला माणूस. रागाच्या भरात बोलून गेला, "ह्या दारात उभी राहू नको परत!" पोर गेली ती गेलीच. तिचा नवा नंबर काकांकडे नव्हता. काकांचा नंबर मात्र तिला पाठ होता, आणि काका तेवढ्यावर जगत होते.

अशात त्यांच्या कार्डाच्या कंपनीने गाशा गुंडाळायला घेतला!

"फोन कसलाबी दे," ते दिनेशला म्हणाले, "पन नंबर जायला नको. पोरीला तेवढाच म्हाईत हाय."

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पण त्यासाठी जुन्या कार्डावरून एक मेसेज जावा लागतो, तेव्हा कोड येतो. आणि जुन्या कंपनीची रेंज तर गेलेली! डहाणूला नाही, तलासरीला नाही. काकांचं कार्ड माझ्या फोनमध्ये घालून आम्ही सायवनला त्यांच्या घराचे सगळे कोपरे फिरलो. नंबर गेला असता तर त्या माणसाचं काय झालं असतं?

काका म्हणाले, "एका जागी येते रेंज. चला."

पुढे काका, मागे आम्ही, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. पायाखाली आधी गवत लागलं, मग वाळू. ओढ्याचं पाणी ऐकू आलं. डोक्यावर पत्रा तडतडत होता. काका थांबले आणि बाई म्हणाली, "नेटवर्क उपलब्ध है."

मेसेज गेला. कोडही आला. मी आनंदाने काकांचा हात दाबला.

दिनेशही आमच्यासोबतच होता. परत गाडीत बसल्यावर म्हणाला, "ताई, ते स्मशान होतं."

काका शांतपणे म्हणाले, "बायकोला जाळली तिथंच येते रेंज. म्हनून तं रोज जातो."

*

नव्या कंपनीचं कार्ड जुन्या बटणाच्या फोनमध्ये चालेना, म्हणून काकांनी टच फोन घेतला. त्याच्या कॅमेऱ्यात एक सोय होती. समोर धरला की बाई सांगते, किती चेहरे आहेत. आम्हाला हे फार आवडलं! लोक चोरपावलांनी येतात आणि बोलणं ऐकत उभे राहतात, आम्हाला कळतही नाही. आता कळणार होतं.

महिन्याभरात काका दुकानात आले.

"दिवे लावनीला मी फोन दाराकडं धरतो. बाई म्हनते, 'एक चेहरा'. मी इचारतो कोन, तं कोनी बोलत नाय."

दिनेशने फोन भिंतीवर धरला. "कोई चेहरा नहीं." स्वतःवर धरला. "एक चेहरा." फोन ठणठणीत होता!

"दारावर देवाचं कॅलेंडर असेल, काका."

"दार उघडं असतं. समोर शेत हाय."

"बदलून देऊ का?"

"नको, नको," काका घाईने म्हणाले. "सुनी असल. लाजत असल. मीच बोललो ना तिला दाराचं. मी रोज सांगतो, आत ये, मी रागात नाय."

दिनेशने फोन काकांच्या हातात परत दिला.

आणि मग एका सकाळी काकांच्या त्याच नंबरवर सुनीताचा फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदा! संध्याकाळच्या एसटीने येते म्हणाली. काकांनी आम्हाला बोलावून घेतलं. म्हणाले, "माज्या तोंडातून परत वाकडं निघलं तं मना थांबवा."

दिनेशच्या गाडीतून आम्ही पोचलो. काकांनी घर सारवून घेतलं होतं. आम्ही आत भिंतीला टेकून बसलो, काका मधोमध, फोन दाराकडे धरून. फोनचं कव्हर त्यांच्या नखांवर टकटक वाजत होतं.

एसटी आली, गेली. पावलं वाजली. अंगणात थांबली. मग उंबऱ्याशी बांगड्या वाजल्या.

"बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाई म्हणाली, "दो चेहरे."

काकांनी विचारलं, "कोन आलंय संगं?"

"कोनी नाय, बाबा. एकलीच आले."

काकांनी फोन तसाच धरून ठेवला. "दो चेहरे," बाई पुन्हा म्हणाली.

दारातलं दिसत होतं ते फक्त दिनेशला. "एकटीच आहे, काका," तो म्हणाला, पण जरा उशिराने.

काकांनी फोन खाली ठेवला. उठले, चाचपडत उंबऱ्यापर्यंत गेले आणि दार मोकळं सोडून बाजूला उभे राहिले.

"या," ते म्हणाले, "दोघीबी आत या."