सहा कोटी ठिपके

कमी ठिपक्यांचा, म्हणजे कमी पिक्सेलचा फोटो विभावरीला पाणी घातलेल्या आमटीसारखा वाटे. नवऱ्याच्या विमान कंपनीतल्या नोकरीपायी ती हॅम्बर्गला आली, स्वतःची आयटीतली नोकरी सोडून फोटोग्राफर झाली, आणि तिथल्या मराठी घरांतली डोहाळजेवणं, बारशी तिच्याशिवाय पार पडेनाशी झाली. तिच्या बॅगेत दोन कॅमेरे असत. नवा सहा कोटी ठिपक्यांचा. भिंतीएवढा फोटो केला तरी पैठणीच्या जरीचा धागान् धागा दिसावा. पण त्याचा सेन्सर चित्र वाचायचा ओळीमागून ओळ, रेंगाळत. जुन्याचे ठिपके निम्म्याहून कमी, पण तो चटपटीत. आवाज बंद ठेवून, म्हणजे यांत्रिक शटरशिवाय, डोळ्यांना न कळता लुकलुकणाऱ्या एलईडीच्या उजेडात नवा वापरलात तर फोटोभर काळे पट्टे येतील, असं ती हौशी लोकांना नेहमी बजावायची.

मार्चमध्ये तिथल्याच अपूर्वा आणि श्रीधरची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. बारशापर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते, असं अपूर्वाच्या सासूबाईंनी पुण्याहून निक्षून सांगितलं होतं. दोघं शिकलीसवरलेली, पण काचेच्या पेटीतल्या एवढ्याशा जिवापुढे वाद कोण घालणार? मोबाइल बाजूलाच राहिले. बारशाचे फोटो विभावरीताईंनीच काढायचे, हे मात्र आधीपासून ठरलं होतं.

मग एका दुपारी श्रीधरचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते. कॅमेरा घेऊन लगेच या, एवढंच तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत शेजारी दुसरी बाळं झोपली होती. फ्लॅश नको, आवाज नको, असं नर्सने सांगितलं. पडदे ओढलेले, छताला एलईडी. विभावरीचा हात आधी जुन्या कॅमेऱ्याकडे गेला होता. पण अपूर्वाच्या छातीवर ठेवलेला तो मुठीएवढा चेहरा तिने पाहिला, आणि पापणीचा केसन् केस यायला हवा या हव्यासापोटी तिने नवाच उचलला. आवाज बंद केला. उजेड बाळाच्या डोळ्यांवर नको म्हणून मागचा स्क्रीनही बंद केला. संध्याकाळी बाळ गेलं.

घरी येऊन तिने फोटो उघडले. सगळ्यांवर पट्टे होते. कपाळावर, नाकावर, ओठांवर. ती स्वतःला नको नको ते बोलली. मग तिने सॉफ्टवेअरला पट्टे भरायला लावले. त्याने भरले, छान गोंडस बाळ करून दिलं. तोच फोटो छापून ती घेऊन गेली. भेकडपणाच तो, दुसरं काय.

अपूर्वाने फोटो बराच वेळ पाहिला.

"विभावरीताई, ही कोण?"

तेव्हा विभावरीने खरं सांगितलं. लॅपटॉप उघडून मूळ फोटो दाखवले, कुठला कॅमेरा का उचलला तेही सांगितलं. श्रीधर उठून खिडकीपाशी गेला. अपूर्वा एकेक फोटो बघत राहिली. पट्ट्यांच्या मधून कुठे कान दिसे, कुठे हनुवटी.

"सगळे असेच?"

"हो."

"मोबाइल माझ्या उशाशीच होता, ताई. रोज."

चूक माझी आहे, तुझी नाही, असं विभावरी पुन्हा पुन्हा सांगत राहिली. अपूर्वाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने सासूबाईंना बोल लावला नाही, विभावरीलाही नाही. नाक नक्की कसं होतं, एवढंच ती श्रीधरला विचारत होती, आणि श्रीधरला ते आठवत नव्हतं.