बिजलीला ‘हो’ म्हणू नये

हसू नका असं मी म्हणणार नाही. हसालच! फक्त हातातला चहा सांभाळा, मागे हा किस्सा ऐकताना एकाने शर्टावर सांडलाय.

संत तुकाराम नगरला आमच्याच सोसायटीतला सतीश चाकणजवळ घोडेस्वारी शिकायला लागला. शिकेना का! पण आमच्या हिने त्याचा फोटो बघितला आणि म्हणाली, “काय रुबाबात बसतात हो सतीश भावजी!”

झालं! मीही रोज इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या बसमध्ये बसतो. त्या बसण्याला कुणी कधी रुबाब म्हटलंय? जळलो, सरळ सांगतो, जळून कोळसा झालो. पुढच्याच रविवारी मी क्लासला हजर.

दोघांना मिळून घोडी एकच, बिजली. सतीश बसला की ही बया अशी डुलत चालायची, जणू नवरदेव घेऊन निघालीय. मी बसलो की चार पावलं टाकून खांब!

“काका, पाठ सरळ?” शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या.

“हो मॅडम!” बिजली थांबली.

“टाचेने हळूच दाबा. दाबलं का?”

“हो, हो!” बिजली दोन पावलं मागे सरकली.

“नक्की दाबताय ना?”

“हो हो हो!”

बिजलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कंपनीत मशीनची लाइन बंद पडली की आमचे साहेब असेच बघतात. तिकडे कुंपणापाशी सतीश गालातल्या गालात हसत होता मेला.

शेवटी मॅडमनी कपाळावर हात मारला. “काका, ‘हो’ म्हटलं की घोडी थांबते! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतं,” मी म्हणालो. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला हवं का?

आता मला सांगा, नोकरदार माणसाच्या तोंडचा ‘हो’ कसा सुटणार? सतीशचं बरं आहे. तो घुम्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही कशाला हो म्हणत नाही!

पुढच्या रविवारी मी तोंडाला कुलूप लावलं आणि हिला मुद्दाम बघायला आणलं. कुंपणाशी ही, शेजारी सतीश. बिजली निघाली. आणि काय निघाली राव! चालता चालता दुडकी धरली. माझी पाठ सरळ, टाचा खाली, नजर समोर. सतीशचं तोंड पडलेलं मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेतलं. हिचा चेहरा कौतुकाने नुसता फुलला होता. आता फक्त तिच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं. हिने हात उंचावला आणि जोरात हाक मारली,

“अहोऽऽ!”

बिजली जागच्या जागी थांबली. मी नाही थांबलो.

मातीतून उठून बघतो तर ही धावत आलेली, पण बिजलीकडे! तिच्या मानेवरून हात फिरवत मला म्हणते, “बघा, शिका काहीतरी! हिने एका हाकेत ऐकलं. इतकी वर्षं ‘अहो, अहो’ करतेय, तुम्ही कधी थांबलात?”

त्या दिवसापासून सतीशवर जळणं मी सोडून दिलं. आता घोडीवर जळतो.