दादाचा एक न ऐकलेला किस्सा

भुसा कितीही झाडला तरी संपत नाही. आमच्या जिन्याखालच्या खोलीत सकाळी झाडू मारा, दुपारी परत मारा, संध्याकाळी तो ट्यूबलाइटच्या पट्टीवर सापडणार, आईच्या चष्म्यावर सापडणार, एकदा तर वरणात सापडला. किस्स्यांचं तसंच. मुद्दाम कुणी साठवत नाही. पण रविवारी चार-पाच माणसं एका मशीनभोवती बसायला लागली की आपोआप ढीग होतो.

ही खोली लालबागला, आमच्या चाळीत. मशीन म्हणजे स्क्रोल सॉ. बारीक पातं, जागच्या जागी वरखाली होतं. कागदावरचं चित्र प्लायवर चिकटवायचं आणि दोन्ही हातांनी लाकूड धरून पात्यापुढे हळूहळू फिरवायचं. हात फिरतो तसं चित्र सुटत जातं. नेमप्लेट, मोर, गणपती, जिगसॉ पझल, काय वाटेल ते. वरच्या मजल्यावरचे परबकाका त्याला 'लाकडाचा शिलाई मशीन' म्हणतात.

मशीन माझ्या दादाचं. संतोष. तो लिफ्ट दुरुस्तीला जायचा. "आठवडाभर लिफ्ट वरखाली, रविवारी पातं वरखाली," तो म्हणायचा, "आपली काय प्रगती नाय मंग्या!"

दादा होळीच्या आधी गेला. कावीळ म्हणून ॲडमिट केला होता, निघालं दुसरंच.

रविवारी लोक अजून येतात. मीच बोलावतो. मशीनपेक्षा मला किस्से पाहिजेत. माझी एकच अट आहे, मी ऐकलेला नको. जुने सगळे मला पाठ आहेत. जुन्या किस्स्यात दादा जे केलंय तेच परत करतो. नव्या किस्स्यात तो काहीतरी पहिल्यांदा करतो. मला तो काहीतरी करताना पाहिजे, बस.

आधी पाठ झालेले सांगतो.

* * *

पाध्ये डॉक्टर दातांचे. गिरगावात फणसवाडीत दवाखाना. नेमप्लेट करून घ्यायला आले आणि मशीन बघून तिथेच स्टुलावर बसले. पुढच्या रविवारी स्वतःची उशी घेऊन आले. "स्टूल टोचतं हो."

चित्राच्या आतला भाग कापायचा तर आधी बारीक भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं. दादाने ते काम डॉक्टरांना दिलं. "यांच्या हाताला सवय आहे. आणि लाकूड ओरडत नाय."

मग एकदा दादाचीच दाढ दुखायला लागली. दादा आठव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघायचा, पण दाताच्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसला. डॉक्टरांनी ड्रिल चालू केलं. दादाने दोन सेकंदांत हात वर केला.

"काय रे, दुखलं?"

"स्पीड कमी करा डॉक्टर, जळतंय!"

"संतोष, दात आहे. सागवान नाही."

दादाने नाकाने वास घेतला. "शिसव वाटतंय."

डॉक्टर सांगतात, बाहेर बसलेले तिन्ही पेशंट उठून घरी गेले.

* * *

मंदाताई माहीमच्या कोळीवाड्यातल्या. आईला मासे द्यायला यायच्या. त्यांना दारावर लावायला लाकडी पापलेट हवं होतं. दादाने मोबाइलवर फोटो शोधला, कागदावर काढला, कापून दिला.

मंदाताईंनी हातात घेऊन उलटसुलट केला. "हा पापलेट न्हाय, हलवा हाय."

दादाने दुसरा कापला.

"आता पापलेट हाय. पण शिळा हाय."

"ताई, लाकडाचा आहे!"

"म्हणून काय शिळा लावू दारावर? लोक काय म्हणतील? डोला बघ त्याचा. ताज्याचा असा असतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीतून खरं पापलेट काढलं, थेट प्लायवर ठेवलं आणि दादाच्या हातात पेन्सिल दिली. "काढ आता बाजूबाजूनं."

दादाने काढलं, कापलं, पॉलिश मारलं. पण वास काही जाईना. आठवडाभर चाळीतली सगळी मांजरं आमच्या दारात रांग लावून बसली. एक तर मशीनवरच झोपायला लागलं.

मंदाताई आल्या तेव्हा दादाने मांजरांकडे बोट दाखवलं. "एवढ्यांनी पास केलाय. आता बोला!"

ते पापलेट त्यांच्या दारावर आहे. मी परवा बाइक घेऊन मुद्दाम बघून आलो. डोळा एकदम ताजा आहे.

* * *

परबकाका गिरणीत सायझिंग खात्यात होते. सुताला खळ लावायचं खातं. त्यामुळे कागद चिकटवायला फेविकॉल, ग्लूस्टिक असलं काही त्यांना चालत नाही. घरून भाताची खळ करून आणतात, वाटीत, वर झाकण.

गणपतीच्या आधी त्यांनी मोठं चित्र चिकटवलं. गणपती, प्रभावळ, पुढ्यात मोदक, पायाशी उंदीर. "सकाळी सुकात, मग काप," म्हणून झोपायला गेले.

सकाळी येऊन बघतो तर उंदरांनी कागद साफ केलेला. गणपती नाही, प्रभावळ नाही, मोदक तर नाहीच. कोपऱ्यात चित्रातला उंदीर तेवढा शिल्लक.

काकांचं तोंड उतरलं. दादाने खाली बसून प्लायवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काका, मानलं पाहिजे. घरच्या माणसाला हात नाय लावला!"

काकांनी तो उंदीर तेवढा कापून घेतला. टीव्हीवर ठेवलाय.

* * *

आईचा किस्सा आई स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मखराला गोल चाक हवं होतं. रविवार, दुकानं बंद. दादा घरभर लाकूड शोधत फिरत होता. आई भाजीला गेली होती. परत आली, पीठ मळलं, आणि पोळपाट कुठे मिळेना. ओट्याखाली बघितलं, शेजारी विचारलं. शेवटी जिन्याखाली आली तर पोळपाटाला सोळा आरे पडलेले!

आईने पोळपाट उचलला, आऱ्यांतून दादाकडे बघितलं आणि परत त्याच्या हातात दिला. 

गणपतीत पाहुणे आले. सगळे मखर बघून वा वा करत होते. मामी म्हणाली, "वन्सं, काय सुंदर चाक आहे हो! कुठनं आणलंत?"

आई म्हणाली, "माझ्या लग्नातलं आहे. आणि पोळ्या आज ताटावर लाटल्यात, वाकड्या आहेत, गपचूप खा."

* * *

माझं नाव निघालं की पाती मोडल्याचंच निघतं. मला दम नाही. शाळेत नव्हता, मशीनवरही नाही. लाकूड पुढे रेटतो आणि टण् करून पातं तुटतं.

दादा कधी चिडला नाही. फक्त मागून म्हणायचा, "ढकलू नको रे. त्याला त्याच्या चालीनं येऊ दे."

वाढदिवसाला त्याने मला नव्या पात्यांचं अख्खं पाकीट दिलं. वर चिठ्ठी चिकटवलेली, 'यातलं एक तरी संध्याकाळ बघू दे.'

केक कापायच्या आधी तीन गेली. दादाने केकवरची मेणबत्ती विझवली आणि म्हणाला, "दोन मिनिटं शांतता."

हे लिहिताना मला हसू येतं, आणि मग काय येतं ते सांगण्यात अर्थ नाही.

* * *

तो गेल्यावर खोलीला महिनाभर कुलूप होतं. मग एका रविवारी डॉक्टर उशी काखेत घेऊन आले. मागून परबकाका. मंदाताई नुसत्याच आल्या, टोपली नाही. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी डॉक्टरांनीच हात पुढे करून बटण दाबलं. घरघर सुरू झाली. लाकूड कुणी लावलंच नव्हतं, पातं नुसतं हवेत वरखाली.

वरून आईच्या पायांचा आवाज आला. जिना धडधड उतरत होती.  डॉक्टरांना बटण सापडेना.

आई दारात उभी राहिली. हात पिठाचे. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग मशीनकडे.

"दुपारची वेळ आहे," आई म्हणाली. "माणसं झोपतात. किती वेळा सांगायचं तुम्हाला? लाज नाही वाटत?"

डॉक्टर एमडीएस आहेत. दादा असताना खायचे त्याच शिव्या इतक्या आनंदाने खाताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. "चुकलं हो आई," म्हणाले, "परत नाही करणार." आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला परत केलं.

* * *

त्यानंतर माझी अट सुरू झाली. पहिले काही रविवार मजेत गेले. डॉक्टरांकडे दोन निघाले, मंदाताईंकडे एक छान निघाला, भरतीच्या पाण्यात दादाची चप्पल वाहून गेल्याचा. मी ऐकताना पुढे सरकून बसायचो. "मग? मग काय म्हणाला? हसला का?"

मग तेच तेच यायला लागले. डॉक्टर सुरू करायचे, "ते खुर्चीचं..." आणि माझं तोंड बघून थांबायचे. मंदाताई म्हणाल्या, "मी तरी कुटून आणू रे, माझी त्याची भेट मासं देण्याघेण्यापुरती."

गेल्या महिन्यात परबकाकांनी नवा आणला. संतोषने एकदा गरुड कापला होता, इतका हलका की पंख्याच्या वाऱ्याने उडाला आणि खिडकीतून थेट समोरच्या मसाल्याच्या गिरणीत. मिरची कांडपात पडला. तिथली बाई शिंकत शिंकत परत घेऊन आली.

सगळे हसले. मी पण हसलो. मग विचार केला, समोरच्या गिरणीकडे आमची खिडकीच नाही.

डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. "काका, हे खोटं आहे!"

काका खळीच्या वाटीवरचं झाकण उघडझाक करत बसले.

"खोटं का सांगितलंत?"

"मगे काय करू?" काका म्हणाले. "माझ्याकडले सरले रे झिला. आणि तू आपलो दर रविवारी वाट बघत बसतस."

 मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं आणि वाटी भिरकावून द्यावीशीही वाटली. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. हेल्मेट उचललं आणि बाहेर पडलो. कुठे जातोय हे बाइक चालू केल्यावर ठरलं. या चार माणसांखेरीज ज्यांनी दादाला शेवटी रोज पाहिलं अशी माणसं एकाच ठिकाणी होती, हॉस्पिटलात. आणि होळीपासून मी तो रस्ता टाळून परळला वळसा घालून जात होतो.

* * *

हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमनने अडवलं. "पेशंटचं नाव?"

"संतोष."

"वॉर्ड?"

"आता नाही तो. गेला."

वॉचमनने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग कुणाला भेटायचंय?"

 "ज्यांनी त्याला बघितलंय त्यांना," मी म्हणालो. तो हिंदीत काहीतरी पुटपुटला आणि मला बाजूला उभं केलं.

समोरच्या चहाच्या टपरीवर वॉर्डच्या मावशी उभ्या होत्या. दादाच्या वॉर्डात जेवणाची ताटं आणायच्या त्या. ड्युटी संपली असावी, पिशवी खांद्याला. मी धावत रस्ता ओलांडला. मला वाटलं ओळखणार नाहीत. रोज इतके पेशंट.

"मावशी, माझा भाऊ... खिडकीजवळच्या कॉटवर..."

"ताट फिरवायचा तो?" मावशी म्हणाल्या.

 "कसलं ताट?"

"तू नव्हतास तेव्हा. औषधं आणायला खाली गेलावतास." त्यांनी टपरीवाल्याला माझ्यासाठी एक चहा सांगितला. "मी ताट उचलायला गेले. बघते तर रिकामं ताट मांडीवर घेऊन बसलाय उशीला टेकून. दोन्ही हातांनी धरलंय आणि फिरवतोय. हळू. इतकं हळू की आधी मला वाटलं हात कापतायत. म्हटलं, काय करतोस रे बाबा? दे इकडे. तर म्हणतो, 'मावशी, जरा थांबा. वळणावर आलोय.'"

"मग?"

"मग काय, थांबले. मला अजून सहा ताटं गोळा करायची होती. पण चेहरा असा होता ना त्याचा, घाई कशी करणार? पलीकडचा पेशंट पण उठून बघायला लागला. फिरवलं, थांबला, परत फिरवलं. मग ताट बाजूला ठेवलं आणि त्यातनं काहीतरी उचललं. दोन बोटांत धरून फुंकर मारली. इकडून एक, तिकडून एक. उजेडात बघितलं. हसला. आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाला, 'घ्या, तुमच्यासाठी. घासायचं राहिलंय, कडा टोचेल.'"

"काय होतं?"

"काय असणार? रिकामं ताट होतं ना ते."

"मग तुम्ही काय केलंत?"

मावशींनी चहाचा ग्लास टपरीवर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी फारच सोपं विचारलं.

"घेतलं की," त्या म्हणाल्या. "कडेला हात न लावता घेतलं, आणि कमरेला खोचलं."